पाण्याचा खोत



आमच्या सूतगिरणीत, रिंगफ्रेम खात्यात, एकाच गड्यासाठी तीन वेळा वर्गणी झाली. पहिल्यांदा जाळ्यासाठी, दुसऱ्यांदा नावेसाठी, तिसऱ्यांदा पुन्हा जाळ्यासाठी. तिसऱ्या खेपेला मी वही घेऊन फिरलो तेव्हा जुना जॉबर म्हणाला, "अरं, त्येच्या बाचं घर म्हंजे भोकाचं मडकं हाय. कितीबी वत, रिकामंच." मला राग आला. पण रात्रपाळीला तुटलेले धागे जोडत फिरताना तेच डोक्यात घोळत राहिलं. भोक आहे हे खरंच होतं. पण ते पाडलं कुणी? ह्या लिखाणाचं कारण एवढंच.

हा गडी भागलपूर जिल्ह्यातला, कहलगावच्या बाजूचा. खात्यात त्याला सगळे भागलपूरवालाच म्हणतात. जातीनं मल्लाह. म्हणजे नाव वल्हवणारा, मासे मारणारा, गंगेच्या काठावर राहणारा आणि गावाच्या कडेला ठेवलेला. बिहारात त्याची जात अतिमागासांच्या यादीत आहे. तीच जात बंगालची हद्द ओलांडली की अनुसूचित जातींच्या यादीत. नदी तीच, जाळं तेच, आडनाव तेच, कागद मात्र निराळा. आपल्याकडं कोळी, भोई, ढिवर यांचं तसंच. कोण कुठल्या यादीत हे ज्याचं त्यालाही सांगता येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ह्या यादीची गोष्ट पुढं पुन्हा येणार आहे.

पहिलं जाळं आम्ही दिलं ते तीन महिने टिकलं. नदीच्या एका धारेवर टोळी दांडगाई करून बसली होती. तिथं जाळं टाकायचं तर पैसे द्या, नाहीतर अर्धे मासे द्या. याच्या बापानं दिले नाहीत. जाळं कापून नदीत सोडलं. मग नाव. ती कटावात गेली. म्हणजे पुराच्या पाण्यानं काठ ढासळला, त्याबरोबर चार घरं आणि बांधलेल्या नावा गेल्या. मधल्या काळात महाजनाकडून उचल घेतली होती. तिकडं त्याला दादन म्हणतात. महाजन जाळ्याला पैसे देणार, मग मासे त्यालाच द्यायचे, भाव तोच लावणार, वजन तोच करणार. कर्ज फिटत नाही, कारण ते फिटावं म्हणून दिलेलंच नसतं. आपल्या बापजाद्यांना सालगडी हा शब्द माहीत होता. हा पाण्यावरचा सालगडी.

पावसाळ्यानंतर रजा टाकून मी त्याच्याबरोबर गेलो. दोन गाड्या बदलल्या. बाप साठीच्या आसपासचा, मी त्यांना चाचा म्हणायचो. पहिल्या संध्याकाळी ते मला काठावर घेऊन गेले. गंगा मी पहिल्यांदा पाहिली. पवित्रबिवित्र काही वाटलं नाही. एवढं पाणी, आणि त्याच्या काठावर एवढी उपाशी माणसं, हेच वाटलं. चाचा म्हणाले, "जाल तो तुम लोग दे दिये. पानी कौन देगा?"

मला उत्तर आलं नाही. पण महाड आठवलं.

महाडचा मुद्दा आपण बहुधा अर्धाच सांगतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं घेतलं, हे पोरासोरांना पाठ असतं. त्यानंतर सवर्णांनी कोर्टात दावा लावला, आणि त्या दाव्यात म्हणणं काय होतं? तळं खाजगी मालकीचं आहे, आणि अस्पृश्यांनी तिथं यायचं नाही ही पूर्वापार वहिवाट आहे. म्हणजे विटाळ एका हातात आणि मालकी दुसऱ्या हातात. मुंबई हायकोर्टानं १७ मार्च १९३७ ला निकाल दिला, वहिवाट सिद्ध होत नाही म्हणून. एका ओंजळीला दहा वर्षं लागली. आता असं तळं डोळ्यापुढं आणा, जे ८० किलोमीटर लांब आहे आणि वाहतं आहे. तिथल्या माणसाला विटाळाच्या नावानं अडवत नाहीत, उलट त्यानं पाण्यात उतरावंच म्हणून सांगतात. फक्त जे काढशील त्यातलं आमचं आम्हाला दे.

सुलतानगंजपासून पीरपैंतीपर्यंत गंगेवर हेच चाललं होतं. तिथं त्याला पानीदारी म्हणत. दोन जमीनदार घराण्यांनी नदी वाटून घेतली होती. मोगलांच्या काळापासूनचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. वर जमीनदार, त्याच्या खाली ठेकेदार, ठेकेदाराच्या खाली लाठीवाले, आणि सगळ्यांच्या खाली मल्लाह. मी ह्याला पाण्याचा खोत म्हणतो. कोकणातल्या साथींना जास्त सांगायला नको. बाबासाहेबांनी १९३७ च्या सप्टेंबरात मुंबईच्या कायदेमंडळात खोती बंद करण्याचं बिल आणलं आणि १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. खोत जमीन कसत नाही, खोत मधे बसतो. पानीदारही जाळं टाकत नव्हता. त्याचे पाय कधी ओले झाले नसतील.

आता कुणी विचारेल, जमीनदारी तर गेली होती ना? गेली. बिहारचा जमीनसुधारणा कायदा १९५० चा. दरभंग्याच्या महाराजांसारखे बडे जमीनदार कोर्टात गेले आणि पाटणा हायकोर्टानं मार्च १९५१ मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरवला. मग पहिली घटनादुरुस्ती आली. त्या वेळी कायदामंत्री बाबासाहेबच होते आणि १९५१ च्या मे महिन्यात लोकसभा होण्याआधीच्या त्या हंगामी संसदेत ते त्या दुरुस्तीच्या बाजूनं बोलले. तिच्यातून नववं परिशिष्ट तयार झालं. त्या परिशिष्टात पहिल्या क्रमांकावर कोणता कायदा आहे ते उघडून पाहा. बिहारचाच आहे. ही गोष्ट आपल्या शिबिरांत कुणी सांगत नाही. सांगायला पाहिजे.

पण कायद्यानं जमीन सुटली, नदी राहिली. कोर्टकज्ज्यांत, स्थगित्यांत, जुन्या कागदांत पानीदारी तशीच तगून राहिली. जमिनीला सात-बारा असतो, तिची मोजणी होते, कुळाला म्हणता येतं की ही माझी कसणूक. वाहत्या पाण्याची कसणूक कुठं लिहायची? मल्लाहाच्या बापानं, आजानं, पणजानं त्याच धारेवर जाळं टाकलं याचा पुरावा पाण्यावर उरत नाही. ज्यांच्याकडं कागद होता त्यांची नदी झाली.

दुसरा घाव दिल्ली-कलकत्त्याकडून आला. फरक्का धरण. १९६१ ला काम सुरू झालं, १९७५ ला चालू झालं. कलकत्त्याचं बंदर गाळानं भरत होतं, म्हणून गंगेचं ४० हजार क्युसेक पाणी साधारण ३८ किलोमीटरच्या कालव्यातून हुगळीत सोडायचं, ही योजना. सव्वादोन किलोमीटरची भिंत, १०९ दरवाजे. बंदराची सोय कुणी नाकारत नाही. पण हिलसा नावाचा मासा आहे, बंगाल्यांचा इलिश, तो समुद्रातून पावसाळ्यात नदीत चढतो, अंडी घालायला. पूर्वी तो बक्सर, अलाहाबाद, त्याच्याही वर जायचा. भिंत उभी राहिल्यावर खालीच अडला. नवीन झिंगा, मोठे मासे, सगळ्यांची वाट तीच होती. चाचांचा बाप म्हणे श्रावणात रात्र रात्र नावेवर असायचा, आणि सकाळी घरात सगळ्यांच्या हाताला हिलशाचं तेल. चाचांनी स्वतः ते लहान असताना थोडंफार पाहिलं. त्यांच्या पोरानं, म्हणजे आमच्या भागलपूरवाल्यानं, हिलसा पहिल्यांदा खाल्ला तो इचलकरंजीच्या बाजारात, बर्फातला. तेही वर्गणीच्या पैशातून नव्हे, हे तो मला दोनदा सांगून झाला आहे.

लक्षात घ्या, पानीदाराचा वाटा माशाबरोबर कमी झाला नाही. मासे निम्मे झाले तरी हिस्सा मागणारे तेवढेच होते.

आणि मग १९८२.

हे साल आमच्या घरात वेगळ्या कारणानं बोललं जातं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझा आजा त्यात होता. तो कताई खात्यात, कारण त्याच्या बापाच्या काळात आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. कांडी बदलताना धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि अस्पृश्याच्या थुंकीचा विटाळ व्हायचा. कामगार, कामगार एक म्हणणाऱ्यांच्या युनियनमध्येच हे चालायचं, आणि १९२८-२९ च्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी ते चव्हाट्यावर मांडलं. असो. संपात आजीनं भाऊच्या धक्क्यावरनं सुकी मासळी आणून चाळीचाळीत विकली, त्यावर घर चाललं. आजा परत गिरणीत गेलाच नाही. आम्ही इचलकरंजीला आलो ते त्यानंतर. आजा अजून म्हणतो, संपानं सगळं गेलं. मी त्याला सांगितलं की संप सुरू झाल्यावर महिनाभरानं, २२ फेब्रुवारी १९८२ ला, कहलगावच्या कागजी टोल्यात मल्लाहांनी एक आंदोलन सुरू केलं आणि ते नऊ वर्षांनी जिंकले. आजा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "नऊ वरसं खाल्लं काय त्यांनी?"

हाच प्रश्न खरा आहे. आणि तो मी चाचांना विचारला.

ते तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. त्यांनी सांगितलं ते असं. पहिली गोष्ट ठरली, हिस्सा द्यायचा नाही. एकट्यानं नाही म्हटलं तर जाळं कापणार, नाव बुडवणार. म्हणून नाव एकटी काढायची नाही. टोल्यातल्या नावा झुंडीनं निघायच्या. ज्याची नाव जप्त झाली त्यानं दुसऱ्याच्या नावेवर बसायचं, मासे वाटून घ्यायचे. लाठी उगारायची नाही, पण हटायचं पण नाही. बायका काठावर उभ्या राहायच्या, ठेकेदाराची माणसं आली की आधी त्याच पुढं. बायकांनीच दारूचा विषय काढला. हिस्सा द्यायचा बंद झाला आणि वाचलेले पैसे भट्टीवर गेले, तर आंदोलन कशासाठी? भट्ट्या मोडल्या. खाल्लं काय, याचं उत्तर हे. ठेकेदाराच्या तोंडात जात होतं तेच खाल्लं. गिरणीचा कामगार संपावर गेला की मशीन बंद, हातात काही नाही. मल्लाहाचा संप उलटा होता. त्यानं काम बंद केलंच नाही, काम चालू ठेवलं आणि खंडणी बंद केली. आजाला हे सांगितलं तेव्हा त्यानं मान हलवली.

ह्या आंदोलनाचं नाव गंगा मुक्ती आंदोलन. ते उभं करणाऱ्यांत जयप्रकाश नारायणांच्या प्रेरणेनं १९७५ ला निघालेल्या छात्र युवा संघर्ष वाहिनीची तरुण मंडळी होती. अनिल प्रकाश यांचं नाव त्यात पुढं येतं. ह्याच वाहिनीनं १९७८ पासून बोधगयेला महंताच्या मठाविरुद्ध जमिनीचा लढा दिला. बोधगया म्हटल्यावर आपले कान टवकारतात ते महाविहारासाठी. पण त्याच गावाच्या महंताकडं हजारो एकर जमीन होती, खोट्या नावांवर लावलेली, आणि ती कसणारे होते भुईया जातीचे दलित. त्या लढ्यात बायकांनी जमीन स्वतःच्या नावावर मागितली आणि काही ठिकाणी मिळवलीही. वाहिनीची सर्वोदयी भाषा मला सगळी पटते असं नाही. गंगामैया, गंगामैया करत नदीला देवी करून ठेवलं की तिच्या काठावरची जात झाकली जाते असं माझं मत आहे. पण त्यांनी माणसं जोडली, हे नाकारणारा मी कोण? आपण त्या वेळी कुठं होतो, हाही प्रश्न आहे. बिहारच्या मल्लाहाची आणि आपली गाठ पडायला एक सूतगिरणी लागली.

गाठ मात्र जुनी आहे. मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना घटना समितीत जायची वाट बंद केली गेली, तेव्हा १९४६ ला ते बंगालमधून निवडून गेले. जोगेंद्रनाथ मंडल आणि नमःशूद्रांनी ते घडवलं. नमःशूद्र म्हणजे दलदलीतले, खाडीतले, नावेवरचे लोक. पाण्यातल्या माणसांनी बाबासाहेबांना त्या सभागृहात पोचवलं. हेही आपल्या शिबिरांत सांगायला पाहिजे. आणि कहलगावपासून जवळच अंतीचक गावी विक्रमशिला विद्यापीठाचे अवशेष आहेत. सुलतानगंजला रेल्वेच्या कामात १८६१ साली माणसाहून उंच तांब्याचा बुद्ध सापडला, तो आज इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात उभा आहे. पानीदारीची नदी जिथं सुरू व्हायची तिथला बुद्ध विलायतेला, आणि विक्रमशिलेच्या आसपास मल्लाह उपाशी. मी अवशेष बघायला गेलो तेव्हा भागलपूरवाला म्हणाला, "भाई, इथं आम्ही लहानपणी शेळ्या चारायला यायचो, हे तुमच्या बाबाचं आहे हे कुणी सांगितलंच नाही."

१९९१ ला सरकारनं पानीदारी मोडली. लालूप्रसाद यादव मुख्यमंत्री होते. गंगेत आणि दुसऱ्या नद्यांत पारंपरिक मच्छीमारांना मासेमारी करमुक्त झाली. चाचांनी सांगितलं, त्या दिवशी टोल्यात कुणी झोपलं नाही.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याच १९९१ ला सुलतानगंज ते कहलगाव हा साधारण ६० किलोमीटरचा पट्टा गंगेतल्या डॉल्फिनचं अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिकडं त्याला सोंस म्हणतात. आंधळा म्हणावा असा मासा, मासाही नाही, श्वास घ्यायला वर येतो. तो वाचला पाहिजे. पण हक्क मिळाला आणि त्याच वर्षी त्या पाण्यावर वनखात्याचा हात आला. आणि पानीदार गेला तिथं बंदूकवाल्या टोळ्या बसल्या. कोल, ढाब, म्हणजे नदीचे शांत डोह, जिथं मासे थांबतात, ते त्यांनी धरले. मच्छरदाणीसारख्या बारीक जाळ्यानं अंडी-पिल्लंही उचलायची, धारेला बांबूचं कुंपण घालून आडवायची. पारंपरिक मल्लाह असं जाळं वापरत नाही असं मी म्हणणार नाही. पोटाला नसलं की तोही वापरतो. चाचांनी कबूल केलं.

तर भोक कुणी पाडलं याचा हिशोब असा झाला: पानीदार, भिंत, टोळी, कटाव, महाजन. एकेका घराला एकेक जाळं देऊन हा हिशोब मिटत नाही, हे मला त्या काठावर कळलं. पण वर्गणी देऊ नये असं मला म्हणायचं नाही. रिकाम्या हाताचा माणूस झुंडीतही नाव काढू शकत नाही. प्रश्न वर्गणी कशी लावायची हा होता.

तिसऱ्या वर्गणीचे आमच्याकडं चौदा हजार जमले होते. चाचा म्हणाले, एका जाळ्याला नको. टोल्यातल्या तीन घरांनी मिळून एक जुनी नाव घेतली, डागडुजी केली, जाळं दोन तुकड्यांत घेतलं, एक तुटलं तर दुसरं राहील. तिघांच्या नावा पूर्वीसारख्या एकत्र निघायच्या ठरल्या, आता तर शेजारच्या टोल्यातल्या पाच नावा सोबत असतात. महाजनाची उचल आधी फेडायची, नवी घ्यायची नाही. त्यातले साडेतीन हजार त्यात गेले.

मग कागद. २०२० पासून केंद्राची मत्स्यसंपदा योजना आहे. त्यात अनुसूचित जाती-जमाती आणि बायकांना साठ टक्के मदत, बाकीच्यांना चाळीस. मल्लाह बिहारात अतिमागास, म्हणून चाचांना चाळीस. पलीकडं बंगालात त्याच जातीच्या माणसाला साठ. सुरुवातीला म्हटलं होतं ना, यादी पुन्हा येईल. चाळीस आणि साठ यांतला फरक म्हणजे ह्या घराला पुन्हा महाजनाकडं जावं लागणं किंवा न लागणं. मी म्हटलं, अर्ज चाचीच्या नावानं करू. चाचा आधी हसले, मग जरा गप्प झाले. चाची म्हणाल्या, मासे मी विकते, वजन मी करते, मग नाव माझं का नको? बोधगयेच्या बायकांबद्दल मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरज पडली नाही.

बिहारात २००६ च्या जलकर कायद्यानं तळी-डोह मच्छीमारांच्या सहकारी समित्यांकडं देण्याची तरतूद आहे. समितीचं सभासदत्व पूर्वी फक्त पुरुषांचं असायचं असं तिकडं सगळे धरूनच चालले होते. चाचींचा सभासदत्वाचा अर्ज मी माझ्या मोडक्या हिंदीत लिहिला, भागलपूरवाल्यानं शुद्ध केला. तो परत आला. जातीचा दाखला जुना आहे म्हणून. नवा दाखला काढायला तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीला एक दिवसाची मासेमारी बुडणार. अर्ज दुसऱ्यांदा टाकला आहे. मदत मिळालेली नाही. मिळेल की नाही सांगता येत नाही.

परवा कार्तिकात फोन आला. दोन किलो बचवा आणि थोडा टेंगरा लागला. महाजनाच्या माणसानं काठावर टोपली धरली होती. चाची तिथनं टोपली डोक्यावर घेऊन सरळ बाजारात गेल्या आणि स्वतःच्या तराजूनं विकल्या. भागलपूरवाला हे सांगताना रिंगफ्रेमच्या आवाजात ओरडत होता, म्हणून शेजारच्या तिघांनाही कळलं. जॉबरलाही. तो काही बोलला नाही, पण पगाराच्या दिवशी त्यानं वही मागितली आणि आपल्या नावापुढं पन्नास रुपये लिहिले. ते पैसे चाचींच्या दाखल्याच्या पुढच्या फेरीसाठी ठेवले आहेत.